टाका आणि अंगठा

नाकाच्या टोकाला हाड नसतं. हे सांगितलं की बहुतेक पेशंट तिथल्या तिथे बोट लावून पाहतात. हाड वर, डोळ्यांच्या थोडं खाली संपतं. त्यापुढचं नाक कूर्चेचं असतं. कानाची कड वाकवून सोडली की ती आपोआप जागेवर येते, तीच ही वस्तू. टोकाशी अशा दोन कूर्चा असतात, एक डावीकडे आणि एक उजवीकडे. त्या नाकपुडीच्या कडेने पुढे येतात, टोकाशी वळतात आणि दोन नाकपुड्यांमधल्या दांडीत उतरतात. ते वळण अरुंद असेल तर टोक निमुळतं दिसतं, पसरट असेल तर गोल दिसतं. ज्यावरून माणसाला आयुष्यभर चिडवतात तो फरक काही मिलिमीटरचा असतो.

खामगावात मी कान-नाक-घशाची डॉक्टर म्हणून काम केलं. रोजचं काम म्हणजे कानातला मळ, टॉन्सिल, कापसाच्या जिनिंगच्या धुळीने चोंदलेली नाकं आणि लेकरांनी नाकात घातलेले हरभऱ्याचे दाणे. नाकाच्या आकाराची शस्त्रक्रिया त्यामानाने क्वचित असायची. ऑपरेशनं आता मी थांबवली आहेत. बाह्यरुग्ण विभाग चालू आहे. दिवाळी अंकासाठी लिहा म्हटल्यावर मी टॉन्सिलबद्दल लिहीन असं संपादकांना वाटलं असावं. पण टॉन्सिल काढला की विषय संपतो. नाकाच्या टोकाचं तसं नाही. टाका घातल्यापासून तो नीट बसला की नाही हे कळेपर्यंत वर्ष जातं, आणि ते वर्ष पेशंटइतकंच डॉक्टरचंही असतं.

पूर्वी टोक बारीक करायचं म्हणजे कूर्चा कापायची. कापलेली कूर्चा परत येत नाही. पुढे कापण्याऐवजी शिवण्याची पद्धत आली. दोन टाके मुख्य. पहिला प्रत्येक बाजूच्या वळणातून जातो आणि ते वळण चिमटीत धरल्यासारखं आवळतो. दुसरा डावं आणि उजवं वळण एकमेकांशी बांधतो. दोरा निळा, केसासारखा बारीक, आणि न विरघळणारा. कूर्चेच्या खालून नाकाच्या आतलं पातळ अस्तर गेलेलं असतं. सुई त्यातून आरपार गेली तर दोरा आत उघडा पडतो आणि पुढे पिकतो. म्हणून सुई कूर्चेतून न्यायची, अस्तराला लागू द्यायची नाही. हे सगळं शिकता येतं. गाठ किती आवळायची हे मात्र कोणी शिकवू शकत नाही. टेबलावरचं नाक भुलीच्या इंजेक्शनने फुगलेलं असतं. दिसतंय ते किती खरं आणि किती पाणी, याचा अंदाज करून गाठ मारायची. सैल राहिली तर टोक पुन्हा पसरतं. जास्त बसली तर नाकपुडी आत ओढली जाते आणि श्वास अडतो.

जिनिंगमधला एक मशीनचालक माझ्याकडे आला होता. नाक मोठ्या शहरात करून घेतलेलं, दिसायला अगदी कोरीव. खुर्चीत बसल्या बसल्या म्हणाला, “मॅडम, फोटोत भारी येते, पण झोपलो का जीव घाबरते.” दोन्ही नाकपुड्या चिमटल्या होत्या. मी टोक उघडलं, निळा दोरा सापडला, तो कापला. कूर्चा डोळ्यांदेखत थोडी मोकळी झाली. त्या जागी सैल टाका घातला. टाक्याची हीच मोठी सोय आहे. कापणं मागे घेता येत नाही, शिवणं घेता येतं. पुढची कित्येक वर्षं या सोयीच्या भरवशावर मी काम केलं.

आता सुनीताबद्दल. नाव बदललं आहे. तिने आणि तिच्या सासूबाईंनी लिहायला हरकत घेतली नाही.

सुनीता वरवट बकालकडची. शेडनेटखाली मिरची, टोमॅटो, वांग्याची रोपं तयार करून विकणारी. रोप कसं काढावं, कसं लावावं, याचे व्हिडिओ ती मोबाईलवर टाकायची आणि ते पाहून लांबची गिऱ्हाइकं यायची. समोर बसताच म्हणाली, “मॅडम, हे बोंड लहान करून द्या.”

“कोणतं बोंड?”

“हे काय, तोंडावर लागलं ते. मी मिरचीचं सांगतो, लोक खाली लिहितात, ताई कपाशीचं बियाणं कोणतं.”

मोबाईल तोंडाजवळ धरला की नाक आहे त्यापेक्षा मोठं दिसतं, हे मी तिला समजावून सांगितलं. ते खरंही आहे.

“शाळेत कोणाच्या हाती मोबाईल होता जी?” ती म्हणाली. “तवाही बोंडच म्हणत.”

तिच्यासोबत सासू आल्या होत्या, शेवंताबाई. गावात बाळंतीण आणि बाळ यांना तेल लावण्याचं काम त्यांच्याकडे. आमच्या भागात तान्ह्या बाळाच्या मालिशमध्ये नाक बसवणं हाही एक भाग असतो. कोमट तेलाचा अंगठा आणि बोट नाकाच्या दोन्ही बाजूंनी वरून खाली आणायचं, टोकाशी हलकं चिमटायचं, रोज. त्याने नाक सरळ होतं असं सगळे मानतात. होत नाही, असं मी जन्मभर सांगत आले आणि कोणी ऐकलेलं नाही. शेवंताबाई मोठ्या माणसांकडे बोट दाखवून सांगायच्या, याचं नाक माझ्या हातचं.

“हिच्या मायनं हिचं नाक बसवलंच नाई,” त्या म्हणाल्या. “मी असती तं तुमच्याकडं याचं कामच नव्हतं.”

“म्हणजे आपला धंदा एकच,” मी म्हणाले.

“एकच कसा? माहं गिऱ्हाईक रडते. तुमचं झोपून राह्यते.”

ऑपरेशनमध्ये दिसलं की सुनीताची डावी कूर्चा उजवीपेक्षा पातळ आहे. असं असतं. माणसाच्या कोणत्याही दोन बाजू सारख्या नसतात. उजवीकडे टाका सहज बसला. डावीकडे वळण आवळायला दोरा थोडा जास्त ओढावा लागत होता, आणि पातळ कूर्चेत जास्त ओढलेला दोरा खरवसातून जावा तसा आरपार जातो. मी गाठ मारली, डोक्याकडून पाहिलं, पायाकडून पाहिलं, सोडली, पुन्हा मारली. आमच्या मालती सिस्टर ऑपरेशनच्या खोलीत कोणालाच भीत नसत. त्या म्हणाल्या, “झालं मॅडम, सोडा आता. अजून ओढसान तं फुटन.”

मी थांबले. दोन्ही बाजू सारख्या दिसत होत्या.

नंतरच्या सूचना मी दोघींना एकत्र दिल्या. नाकावरचं प्लास्टर भिजवायचं नाही, शिंकरायचं नाही, प्लास्टर निघाल्यावर रोज नवी कागदी पट्टी लावायची, आणि नाकाला कोणी हात लावायचा नाही. शेवंताबाईंनी मान हलवली. प्लास्टर काढलं तेव्हा टोक सुजलेलं पण समान होतं. सुनीताने आरसा मागितला, पाहिलं, आणि काही न बोलता परत दिला. हे समाधानाचं लक्षण असतं.

त्यानंतरच्या भेटीत तिने ओढणी बाजूला केली. टोक डावीकडे खाली आलं होतं. डावी नाकपुडी आत दबली होती. मी बोट ठेवून एकेक बाजू बंद केली. उजवीकडून श्वास येत होता, डावीकडून शिट्टीसारखा आवाज. सूज एका बाजूला जास्त राहू शकते, असं मी तिला म्हणाले. तेही खरंच आहे. पण मनात ती डावी गाठ होती.

पट्टी कडेने सुटलेली होती. नवी लावायला मी स्पिरिटचा बोळा फिरवला, तर तो पिवळसर झाला आणि तेलाचा वास आला.

“नाकाला काय लावता?”

सुनीताने सासूकडे पाहिलं.

“तेल,” शेवंताबाई म्हणाल्या. लपवण्यासारखं काही नाही अशा आवाजात. “तिळाचं, कोमट करून.”

“मी हात लावायचा नाही असं सांगितलं होतं.”

“कोणी हात लावाचा नाई म्हणल्या तुमी. म्या कोणाले लावू देल्ला नाई. शेजारीण पाह्याले आली, तिले दारातूनच वापस लावलं.”

“आणि तुम्ही स्वतः?”

“मी घरची ना बाई.”

मालती सिस्टर तोंड फिरवून खिडकीकडे गेल्या.

“नुसतं तेल लावलं की दाबलं?”

त्यांनी हवेत अंगठा आणि बोट जुळवून दाखवलं. तीच पद्धत, वरून खाली, शेवटी टोकाशी. “डावीकून उतरून राह्यलं होतं. म्हणून तिकून जरा वर बसवलं.”

मी हातातला बोळा खाली ठेवला. डावी बाजू उतरत होती म्हणून त्यांनी दाबली, की त्यांनी दाबली म्हणून ती उतरली? पहिलं खरं असेल तर माझा टाका कूर्चा कापून निघाला होता. दुसरं खरं असेल तर त्यांच्या अंगठ्याने तो काढला होता. सुनीताला विचारलं, आधी काय झालं? ती म्हणाली, “मले नाई कळलं. सूज होती, अन् मी डोळे मिटून बसत होती. बरं वाटे.”

आता दोनच मार्ग होते. एक, लगेच उघडणं. पण ताजी जखम पुन्हा उघडली की टोकाच्या कातडीचा रक्तपुरवठा धोक्यात येतो. आतले थर चिकट, रक्ताळलेले असतात आणि काहीच नीट दिसत नाही. दुसरा, वाट पाहणं. सूज जिरू द्यायची, आतला व्रण मऊ होऊ द्यायचा आणि वर्षाने पाहायचं. तोवर नाक तसंच वाकडं आणि एका बाजूने बंद राहू शकतं. शास्त्र वाट पाहा म्हणत होतं. मीही तेच सांगितलं.

“वर्षभर असंच?” सुनीताने विचारलं.

“कदाचित कमी होईल.”

“अन् नाई झालं तं?”

“तर पुन्हा उघडू.”

शेवंताबाईंनी हा सगळा वेळ आपले दोन्ही हात पदराखाली घेतले होते.

त्यानंतर सुनीता फोनवर फोटो पाठवू लागली. मी दोन पेशंटांच्या मधे तो उघडायची, मोठा करायची, आधीच्या फोटोशेजारी ठेवायची. एखाद्या फोटोत टोक सरळ वाटायचं आणि मला हलकं वाटायचं. मग लक्षात यायचं की तिने मान थोडी वळवली आहे. व्हिडिओ तिने बंद केले होते. रोपांच्या हंगामात ट्रेवर वाकून काम करताना तिला तोंडाने श्वास घ्यावा लागायचा. त्या काळात मी दुसऱ्या कोणाच्या टोकाला टाका घालायला टाळाटाळ केली. दोघांना सरळ अकोल्याला पाठवलं.

मग ती स्वतः आली, एकटी. नाकाबद्दल बोलेल असं वाटलं.

“नाक राहू द्या बाजूले,” ती म्हणाली. “आत्याबाईनं हात आखडला.”

सासूला ती आत्याबाई म्हणायची. तिची नणंद बाळंतपणाला माहेरी आली होती. शेवंताबाई स्वतःच्या नातीला तेल लावत नव्हत्या. वाटीत तेल कोमट करायच्या, बाळाजवळ बसायच्या, हात बुडवायच्या आणि पुसून उठायच्या. गावातून बोलावणं आलं तर कंबर धरली म्हणून सांगायच्या.

“नणंद म्हणते, वहिनी, तुह्या नाकापायी माह्या लेकराची मालिश राह्यली. आता काय सांगू तिले? मॅडम, तुमी आत्याबाईले एवढंच म्हणा, टाका ढिला होता. तुमचं काय जाते?”

माझं बरंच काही जात होतं. शेवंताबाईंचं जाणं-येणं नसलेलं घर त्या पट्ट्यात नव्हतं. त्यांनी कोणत्याही बाळंतिणीच्या खाटेजवळ बसून ‘खामगावच्या डॉक्टरीणबाईचा टाका ढिला निघाला’ म्हटलं असतं, तर माझ्याकडे कोणी कानातला मळही काढायला आलं नसतं. हे माझ्या मनात आलं. पण त्याहून मोठी अडचण ही होती की ते खरं आहे की नाही हे मला माहीत नव्हतं.

“मला माहीत नसलेलं मी सांगणार नाही,” मी म्हणाले. “उघडल्यावर जे दिसेल ते सांगेन.”

“अन् आत्याबाईचीच चूक दिसली तं?”

“तर तेही सांगेन.”

ती उठली. “मंग उघडूच नका. एका नाकपुडीनं माणूस मरत नाई.”

त्यानंतर फोटो येणं थांबलं. मी फोन केला तर ती रोपांबद्दल बोलायची, पावसाबद्दल बोलायची, आणि नाकाचा विषय निघाला की गिऱ्हाईक आलं म्हणून ठेवून द्यायची. वर्ष होत आलं होतं. आतला व्रण आता मऊ झालेला असणार, उघडायला हीच योग्य वेळ, आणि पेशंट येत नाही. ऑपरेशन बिघडण्याची भीती मला ओळखीची होती. पेशंटने नीट होण्यालाच नकार द्यावा, हे नवीन होतं. आणि नकाराचं कारण मीच तिच्या हाती दिलं होतं.

एका सोमवारी शेवंताबाई एकट्या एसटीने आल्या. नंबर लावून बसल्या, पाळी आल्यावर आत आल्या.

“उघडा ते,” त्या म्हणाल्या.

“सुनीता नको म्हणते.”

“ते माह्यासाठी नको म्हणते. मले समजते ना. खाली वाकली का तोंड उघडं, जेवाले बसली का घास अडते. लेकरावानी हासते अन् तोंड झाकते. मी पाह्यतो रोज.” मग आवाज खाली आणून म्हणाल्या, “मले एक दिवस कळू द्या काय झालं ते. हे न कळणं लय वाईट हाये, डॉक्टरीणबाई.”

ते मलाही ठाऊक होतं.

सुनीताला त्यांनीच आणलं. कसं समजावलं ते मी विचारलं नाही. ऑपरेशनच्या सकाळी सुनीता मला म्हणाली, “जे निंगन ते निंगन, पण आत्याबाईले खुर्चीवर बसवून सांगजा.”

जुन्या व्रणातूनच टोक उघडलं. दोन वळणं बांधणारा मधला टाका जसाच्या तसा होता. उजवा टाका जागेवर होता. डावीकडे व्रणाचा जाड थर होता. तो थोडा थोडा बाजूला करताना निळं टोक दिसलं. गाठ शाबूत होती. दोऱ्याचा फास शाबूत होता. फक्त त्याच्या आत कूर्चा नव्हती. दोरा पातळ कूर्चा कापत कडेपर्यंत आला होता आणि बाहेर पडला होता.

मालती सिस्टरनी वाकून पाहिलं. “मंग? कोणाचं?”

मी बराच वेळ त्या चिरेकडे पाहत राहिले. पातळ कूर्चेत घट्ट मारलेला टाका काही दिवसांत अशीच चीर पाडतो. सैल मारलेला टाका रोज बाहेरून दाबला तर तोही अशीच पाडतो. दोन्हींत कडा अशाच, व्रण असाच. वर्षभर मला वाटत होतं की उघडलं की उत्तर मिळेल. उत्तर तिथे नव्हतं.

दोन नाकपुड्यांमधल्या पडद्याच्या कूर्चेची बारीक पट्टी काढून मी डाव्या बाजूला आधार म्हणून लावली आणि टाका त्या पट्टीसकट घातला, म्हणजे दोऱ्याला धरायला काहीतरी मिळालं. नाकपुडी आत ओढली जात नाही ना, ते पाहिलं. पुन्हा पाहिलं.

बाहेर शेवंताबाईंना खुर्चीवर बसवलं आणि समोर स्टूल घेऊन मी बसले. जे दिसलं ते जसंच्या तसं सांगितलं. कूर्चा पातळ होती, दोरा तिला कापून निघाला, घट्ट टाक्याने तसं होतं आणि दाबल्यानेही होतं.

“ते समजलं,” त्या म्हणाल्या. “पण इथं कशानं झालं? माह्या हातानं का तुमच्या?”

“सांगता येत नाही.”

“उघडूनही नाई?”

“उघडूनही नाही.”

त्यांनी पदराखालचे हात बाहेर काढून मांडीवर ठेवले, आधी एक पाहिला, मग दुसरा.

“मंग अर्धं माहं, अर्धं तुमचं,” त्या म्हणाल्या.

त्या क्षणात ते खेडं, त्या खाटा, ती सगळी घरं डोळ्यांसमोरून गेली.

“हो,” मी म्हणाले. “अर्धं माझं.”

“मंग आता माह्या अर्ध्यासाठी काय करू ते सांगा.”

सगळ्यात सुरक्षित सूचना होती ती काहीही न करण्याची, आणि ती एकदा देऊन झाली होती. या वेळचं प्लास्टर काढलं त्या दिवशी मी कागदी पट्टीचं बंडल शेवंताबाईंच्या हातात दिलं आणि पट्टी लावून दाखवा म्हटलं. सुनीता खुर्चीत मान मागे टाकून बसली. शेवंताबाईंनी साबणाने हात धुतले, पट्टी कापली आणि नाकावर आडवी धरली. पट्टी चिकटवायला अंगठा टोकाकडे आला. तो किती जोराने खाली टेकणार, ते मला माहीत नव्हतं. त्या अंगठ्याला किती वर्षांची सवय होती ते माहीत होतं. मालती सिस्टरनी माझ्याकडे पाहिलं. मी हात पुढे केला नाही.

अंगठा पट्टीला लागला आणि तिथेच थांबला. दाबला नाही.

“लावा की बिनधास्त, आत्याबाई,” सुनीता डोळे मिटूनच म्हणाली. “गुदगुल्या करून राह्यल्या का?”

पट्टी बसली.

पुढच्या महिन्यांत रोज ती पट्टी त्यांनीच लावली. दोघी शेवटच्या तपासणीला आल्या तेव्हा श्वास दोन्हीकडून सारखा येत होता आणि टोक मधोमध होतं. व्हिडिओ पुन्हा सुरू झाले होते. शेवंताबाई गावात तेल लावायला जाऊ लागल्या होत्या. नाक सोडून बाकी सगळीकडे लावते, असं त्यांनी सांगितलं आणि माझ्याकडे असं पाहिलं की मी हा माझा विजय वगैरे समजू नये.

मी सुनीताला खिडकीच्या उजेडात बसवलं. डाव्या बाजूला व्रणाची किंचित जाडी राहिली होती. शोधणाऱ्यालाच दिसावी इतकी. ती काढता येईल, लहानसं काम आहे, असं मी तिला सांगितलं.

तिने बोटाने जागा चाचपली. “हे उरलं ते कोणाच्या अर्ध्यातलं? तुमच्या का आत्याबाईच्या?”

मी पुन्हा एकदा पाहिलं. “ठरवता येत नाही,” मी म्हणाले.

“तुमाले नाई येत, मले येते,” शेवंताबाई म्हणाल्या. “माह्यातलं हाये. तुमच्या वाट्याचं तुमी नीट केलं.”

सुनीताने बोट खाली घेतलं आणि ओढणी सारखी केली.

“मंग ते राहू द्या, मॅडम,” ती म्हणाली. “ते नाई काढाचं.”